दोनच दिवसांचं रेडिएशन, म्हणजे सोडून दिलं का?

मागच्या हिवाळ्यात एकदा रात्री साडेदहाला आमच्या ओळखीच्या एका काकांचा फोन आला. काका इंग्लंडमध्ये चाळीस वर्षं काढलेले. एरवी त्यांचा फोन म्हणजे आधी पाऊसपाणी, मग मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आणि शेवटी मुद्दा. त्या रात्री मात्र ते थेट म्हणाले, "अगं, तू रेडिएशनमध्येच काम करतेस ना? मला खरं सांग. या लोकांनी मला सोडून दिलंय का?"

झालं होतं असं. काकांच्या पाठीवर, खांद्याच्या थोडं खाली, वाटाण्याएवढ्या दोन लालसर गाठी आल्या होत्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या. बायोप्सी झाली आणि निदान आलं: त्वचेतला फॉलिकल सेंटर लिम्फोमा. पुढे स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यांत बाकी कुठेही काही सापडलं नाही. आणि मग घरी हॉस्पिटलचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'लो डोस पॅलिएटिव्ह रेडिओथेरपी, ४ ग्रे, दोन सिटिंग.'

काकांनी 'पॅलिएटिव्ह' हा शब्द इंटरनेटवर शोधला. काय सापडलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. काकूंचं म्हणणं, "सरकारी काम आहे, पैसे वाचवतायत." पुण्याहून पुतण्याचा मेसेज, "आमच्या सोसायटीतल्या बाईंना पंचवीस सिटिंग दिली होती, तुम्हाला दोनच कशी?" फॅमिली ग्रुपवर तर काकांना मुंबईला हलवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

मी डॉक्टर नाही. मी रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. डोस किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. तो नेमका तिथेच आणि तेवढाच पोचतो ना, हे बघणं आमचं काम. त्यामुळे पुढे लिहिते आहे तो कोणासाठी वैद्यकीय सल्ला नाही. पण या निमित्ताने एक मत मांडायचं आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या त्वचेच्या लिम्फोमात कमी उपचार म्हणजे हलगर्जी नव्हे. बहुतेकदा तोच विचारपूर्वक दिलेला उपचार असतो. आणि हे रुग्णाला नीट समजावून न सांगणं ही मात्र खरी हलगर्जी आहे.

आधी आजार समजून घेऊ. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. या पेशी आपल्या रोगप्रतिकाराच्या फौजेतल्या. त्या रक्तात असतात, लसिकाग्रंथींमध्ये असतात आणि त्वचेतही गस्त घालत असतात. काही वेळा त्वचेतल्याच लिम्फोसाइट बिघडतात आणि तिथल्या तिथे वाढू लागतात. हा त्वचेचा लिम्फोमा. यात दोन मोठी घराणी आहेत, टी पेशींची आणि बी पेशींची. टी पेशींच्या घराण्यातला सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइड्स. नाव ऐकून बुरशीचा आजार वाटतो, पण बुरशीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमधले त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांना एका रुग्णाच्या अंगावरच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या आणि ते नाव चिकटलं ते आजपर्यंत.

काकांचा आजार बी पेशींच्या घराण्यातला. या घराण्यातले दोन प्रकार संथ आहेत, फॉलिकल सेंटर आणि मार्जिनल झोन. पाच वर्षांनंतर पाहिलं तर या आजारामुळे न दगावलेल्यांचं प्रमाण पहिल्यात सुमारे ९५ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ९९ टक्के. मायकोसिस फंगॉइड्सचंही तसंच. चट्टे शरीराच्या १० टक्क्यांहून कमी भागावर असतील तर रुग्णाचं आयुर्मान त्याच्या वयाच्या इतर माणसांसारखंच असतं, असं दीर्घकाळच्या नोंदी सांगतात. १० टक्के म्हणजे किती? तुमचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण १ टक्का. आता स्वतःच मोजून बघा.

म्हणजे शब्द कॅन्सरचा असला तरी हा प्राणी वेगळा आहे. मार्जिनल झोन प्रकार इतका सौम्य आहे की २०२२ च्या एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने त्याच्या नावातून 'लिम्फोमा' हा शब्दच काढून टाकला आणि त्याला लिम्फोसाइट वाढण्याचा विकार म्हटलं. दुसऱ्या एका वर्गीकरणात जुनं नाव कायम आहे. एकाच आजाराला एका पुस्तकात कॅन्सर म्हणतात आणि दुसऱ्यात म्हणत नाहीत, यातच काय ते आलं.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे वळू. सोसायटीतल्या बाईंना पंचवीस आणि काकांना दोन, हे कसं?

रेडिएशन मोजायचं एकक म्हणजे ग्रे. एक किलो शरीरात एक ज्यूल ऊर्जा उतरली की एक ग्रे. ४ ग्रेने शरीराचा तेवढा भाग गरम किती होतो? एका अंशाचा साधारण हजारावा भाग. काकांच्या पाठीवरचा उपचाराचा भाग समजा ५० ग्रॅमचा धरला, तर त्यात उतरणारी सगळी ऊर्जा पाण्याचा एक थेंब एका अंशाने तापवण्यापुरती. मग हे काम करतं कसं? रेडिएशन पेशीला भाजत नाही, तिच्या डीएनएचे धागे तोडतं. बहुतेक पेशी तुटलेले धागे सांधून घेतात, आणि नाही सांधले गेले तरी विभाजनाची वेळ येईपर्यंत तग धरतात. लिम्फोसाइटचा स्वभाव वेगळा. डीएनए बिघडलाय हे कळलं की ती काही तासांतच स्वतःचा शेवट करून घेते. शरीरातल्या सगळ्यांत हळव्या पेशींपैकी ही एक, आणि कॅन्सरची झाली तरी संथ प्रकारांत तिचा हा हळवेपणा बराचसा टिकून राहतो. स्तनाच्या किंवा घशाच्या कॅन्सरच्या पेशी अशा हळव्या नसतात. त्यांना ४०, ५०, ७० ग्रे लागतात, ते कित्येक सिटिंगमध्ये विभागून द्यावे लागतात. म्हणून पंचवीस आणि दोन ही तुलनाच चुकीची. सगळ्याच कड्यांना सारखा घाव लागत नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. त्वचेचा आजार वरवरचा असतो, म्हणून इथे बहुतेकदा इलेक्ट्रॉनचा झोत वापरतात. ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन शरीरात जेमतेम ३ सेंटीमीटर जातात. त्यापुढे जवळजवळ काही पोचत नाही. फुप्फुसं, हृदय, हाडांतला मगज हे सगळं जवळपास बाजूलाच राहतं. गंमत म्हणजे आम्हाला उलटीच काळजी असते. हा झोत अगदी वरच्या थराला पूर्ण डोस देत नाही, थोडा आत गेल्यावर देतो. म्हणून त्वचेवर जेलसारखा एक मऊ पट्टा ठेवतात, त्याला आम्ही बोलस म्हणतो. झोताला वाटतं शरीर तिथूनच सुरू झालं, आणि पूर्ण डोस त्वचेला मिळतो. काकांनी विचारलं होतं, "अंगात रेडिएशन राहतं का? नातीला जवळ घेऊ ना?" अंगात काहीही राहत नाही. मशीन बंद झालं की झोत संपला. नातीला खुशाल जवळ घ्या.

"ते ठीक आहे," काका म्हणाले, "पण जास्त दिलं तर जास्त चांगलं नाही का?"

हा प्रश्न डॉक्टरांनाही शंभर वर्षं पडलेला आहे. राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले १८९५ साली. १९०२ मध्ये ते मायकोसिस फंगॉइड्सवर वापरूनही झाले होते. १९५३ साली अमेरिकेत एमआयटीचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन ट्रम्प (होय, डोनाल्ड ट्रम्प यांचे सख्खे काका) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत त्वचेवर दूर पसरलेल्या अशा आजारांसाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे स्टॅनफर्डमध्ये रुग्णाला उभं करून, वेगवेगळ्या कोनांतून, डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या त्वचेला डोस द्यायची पद्धत बसली. तिचा नेहमीचा डोस ३६ ग्रेच्या आसपास. केस जायचे, नखं जायची, त्वचा सोलवटायची.

मग प्रश्न आला, सुरुवातीलाच रेडिएशन आणि जोडीला केमो असा मोठा मारा केला तर? अमेरिकेत हे करून पाहिलं गेलं. मायकोसिस फंगॉइड्सच्या १०३ रुग्णांच्या दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. एका गटाला पूर्ण त्वचेचं रेडिएशन आणि तीव्र केमो. दुसऱ्या गटाला आधी त्वचेवर लावायची औषधं, आणि गरज पडेल तसं पुढचं. १९८९ साली निकाल छापून आला. मोठ्या माऱ्याने आजार पूर्ण दिसेनासा झाला ३८ टक्के लोकांत, सौम्य वाटेने १८ टक्के लोकांत. पण किती जगले, यात फरक नव्हता. दुष्परिणाम मात्र पहिल्या गटात कितीतरी जास्त. आज पूर्ण त्वचेच्या रेडिएशनसाठीही बऱ्याच ठिकाणी आधी १२ ग्रेचा विचार होतो, कारण बहुतेकांना तेवढ्याने आराम पडतो आणि आजार परत आला तर ते पुन्हा देता येतं.

काकांच्या घराण्याचं काय? त्यासाठी ब्रिटनमधलीच 'फोर्ट' नावाची चाचणी बघू, २०१४ साली प्रसिद्ध झालेली. संथ बी पेशींच्या लिम्फोमाचे ५४८ रुग्ण, त्यांच्या ६१४ जागा. यांतले सगळे त्वचेचे नव्हते, हे लक्षात ठेवा. पण पेशींची जात तीच. निम्म्या जागांना २४ ग्रे बारा सिटिंगमध्ये, निम्म्यांना ४ ग्रे दोन सिटिंगमध्ये. २४ ग्रेच्या ९१ टक्के जागांनी दाद दिली, ४ ग्रेच्या ८१ टक्के जागांनी. दोन वर्षांनी ती जागा शांत राहिल्याचं प्रमाण सुमारे ९४ विरुद्ध ८० टक्के.

इथे मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. २४ ग्रे चांगलं ठरलं, हे उघड आहे. जागा दीर्घकाळ शांत ठेवायची असेल तर मोठा डोस सरस. पण त्याच चाचणीत एकूण जगण्यात फरक दिसला नाही. आणि दहाच्या जागी दोन ग्लास पाण्यातच जर पाचांपैकी चौघांची तहान भागत असेल, तर पाचव्याला पुन्हा पाणी देता येतं ना, हा प्रश्न महत्त्वाचा. देता येतं. ४ ग्रे अपुरे पडले तर त्याच जागी नंतर पूर्ण डोस देण्याची वाट मोकळी राहते. उलट आधीच भरपूर देऊन ठेवलेल्या त्वचेला पुन्हा देताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण त्वचा रेडिएशन विसरत नाही.

या आजारात हे फार कामाचं आहे. संथ बी पेशींचा लिम्फोमा तिघांपैकी एकाला तरी त्वचेवर पुन्हा उगवतो, कधी तिथेच, बहुतेकदा दुसरीकडे. तो परत आला म्हणजे बिघडला असं नाही, स्वभावच तसा. वीस-पंचवीस वर्षं सोबत राहू शकणाऱ्या आजाराशी पहिल्याच दिवशी सगळा दारूगोळा उडवून लढायचं नसतं. त्यात गाठ डोक्यावर असेल तर केस कायमचे जाण्याचा प्रश्न, पापणीपाशी असेल तर डोळ्याचा. आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर रेडिएशननंतर काळे किंवा फिके डाग जास्त उठून दिसतात. डोस जितका मोठा, तितकी ही शक्यता जास्त.

मात्र याचा अर्थ 'सगळ्यांना ४ ग्रेच द्या' असा घेऊ नका. मायकोसिस फंगॉइड्सचा अंगावर एकच चट्टा असेल तर तो कायमचा घालवण्याच्या हेतूने २० ते ३० ग्रेपर्यंत देतात, आणि तो डोस योग्यच आहे. बी पेशींचा एक तिसरा प्रकार आहे, बहुतेकदा वयस्कर माणसांच्या पायावर येणारा. तो संथ नाही. त्याला केमो, अँटिबॉडी आणि मोठा डोस असं सगळं लागू शकतं. आणि कुठलाही बी पेशींचा लिम्फोमा त्वचेचाच आहे, आतून बाहेर आलेला नाही, याची खात्री स्कॅनने आधी करून घ्यावी लागते. काकांची ती झाली होती. थोडक्यात, कमी उपचार योग्य ठरतो तो नेमकं निदान झाल्यावर. निदानाच्या आधी नाही.

निदानाचं निघालंच आहे तर परदेशातल्या आपल्या लोकांना एक सांगायचंय. मायकोसिस फंगॉइड्सचा एक प्रकार सावळ्या आणि काळ्या त्वचेवर जास्त दिसतो, तरुणांत आणि लहान मुलांतही. यात लाल नाही, फिकट पांढरे चट्टे येतात. आपल्याकडे पांढरा चट्टा दिसला की डोक्यात कोड, शिबं नाहीतर कुष्ठ यापलीकडे काही येत नाही. इथल्या डॉक्टरांनी आपली त्वचा कमी पाहिलेली असते. आणि आपल्या बॅगेत भारतातून आणलेली ती ट्यूब असतेच, खाज, गजकर्ण, इसब सगळ्यांवर चालणारी. अशा पुष्कळ ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. त्याने हा चट्टा काही दिवस मावळतो, परत येतो, पुन्हा मावळतो आणि बायोप्सीत काय दिसायचं तेही पुसट होतं. पांढरे चट्टे बहुतेकदा साधेच असतात, घाबरू नका. पण झाकलेल्या जागी, कमरेवर, मांडीवर, महिनोन्‌महिने न हटणारा चट्टा असेल तर ट्यूब बंद करा, डॉक्टरांना ट्यूबसकट सगळं सांगा आणि बायोप्सीबद्दल विचारा. चट्टे पातळ आणि थोडेच असताना आजार सापडला तर औषधी मलम आणि अतिनील प्रकाशावर भागतं. तो प्रकाशोपचार वेगळा आणि रेडिएशन वेगळं, यांत गल्लत करू नका.

आता परत त्या पत्राकडे. माझी तक्रार उपचाराबद्दल नाही, पत्राबद्दल आहे. २ अधिक २ ग्रे ही पद्धत मुळात त्रास कमी करण्यासाठी वापरली जाऊ लागली, म्हणून तिला 'पॅलिएटिव्ह' हे नाव पडलं. विभागात आम्ही तो शब्द सवयीने वापरतो. आमच्या कानाला त्याचा अर्थ 'छोटा डोस'. रुग्णाच्या कानाला त्याचा अर्थ 'आता देवाचं नाव घ्या'. ज्या माणसाचा या आजाराने जीव जाण्याची शक्यता फारच थोडी, त्याला असं एका ओळीचं पत्र पाठवायचं, हे मला पटत नाही. काकांची पाठ होती, चेहरा नव्हता. त्यांना २४ ग्रेही देता आले असते आणि तेही चुकलं नसतं. मग दोन्ही वाटा समोर ठेवून, "एकदाच काय ते निपटायचंय की कमीत कमीपासून सुरुवात करायचीय?" असं त्यांना कोणी विचारायला हवं होतं. ते दहा मिनिटांचं बोलणं झालं असतं तर काकांच्या आठ रात्री वाचल्या असत्या.

आणि आपल्यालाही थोडं बदलावं लागेल. उपचार जितका मोठा, महाग आणि त्रासदायक, तितकी डॉक्टरांची कळकळ जास्त, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. दवाखान्यातून सुई न टोचता परत आलो तर चुकल्यासारखं वाटणारी आपण माणसं! म्हणून कमी दिलं की लगेच "सोडून दिलं" किंवा "पैसे वाचवले". त्याऐवजी विचारा: माझा नेमका प्रकार कोणता? तो त्वचेपुरताच आहे ही खात्री झाली का? या डोसचा हेतू काय? पुरला नाही तर पुढे काय? मोठा डोस घेतला तर मला जास्त काय मिळेल आणि काय जाईल? हे पाच प्रश्न मराठीत लिहून न्या आणि तिथे इंग्रजीत विचारा. उत्तरं मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका.

काकांनी पुढच्या भेटीत ते विचारले. पूर्ण ऐकून घेऊन त्यांनी ४ ग्रेच निवडले, यावेळी स्वतःहून. दोन दिवस, दर वेळी मशीनखाली काही मिनिटं. सहा-सात आठवड्यांनी गाठी सपाट झाल्या, मागे एक फिकट डाग राहिला. तो परत येणारच नाही असं मी त्यांना सांगितलेलं नाही. ते त्यांनीही विचारलं नाही. परवा फोन आला तेव्हा मात्र आधी पाऊसपाणी, मग मंडळाचा कार्यक्रम, आणि मुद्दा शेवटपर्यंत आलाच नाही.